बोरसे सरांचा ‘गेली’

आठवीत असताना एकदा मला शाळेत यायला उशीर झाला आणि बोरसे सरांनी मला मारलं नाही. या गोष्टीचा मला इतका धक्का बसला की हातातलं दप्तर खाली पडलं. पाचोऱ्याच्या आमच्या शाळेत उशिरा येणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना पाठ होतं. हात पुढे करायचा, छडी खायची, तळवा काखेत दाबून जागेवर जायचं. सगळं कसं रीतसर. पण हे सर नवीन होते. इंग्रजी शिकवायला धुळ्याकडून आले होते आणि त्यांच्या अंगात पोपटी शर्ट होता. मास्तर माणसाच्या अंगात पोपटी शर्ट आम्ही जन्मात पाहिला नव्हता.

“बाहेर जा,” ते म्हणाले.

मी गेले.

“आता आत ये. अशी नाही. गेली ये.”

हा ‘गेली’ म्हणजे इंग्रजी शब्द, ‘gaily’. आनंदाने, उल्हासाने, मजेत. आमच्या पुस्तकात एक कविता होती, तिच्यातल्या होड्या पताका लावून ‘गेली’ निघायच्या. मराठीतल्या ‘गेली’शी त्याचा काही संबंध नाही, आणि त्यावरून जेवढे विनोद करता येण्याजोगे होते तेवढे ‘अ’ तुकडीने पहिल्या आठवड्यातच करून संपवले होते. आमच्या वाट्याला नुसती शिक्षा आली.

मी दारातून आत बघितलं. इकडे मुली, तिकडे मुलं, सगळे आ वासून माझ्याकडे बघत होते. आनंदाने आत यायचं म्हणजे करायचं काय? आमच्या घरी मुलीच्या जातीने मान खाली घालून चालायचं होतं, पैंजणसुद्धा फार वाजू द्यायचे नव्हते. मी अंग चोरून भिंतीकडेने आत शिरले आणि कशीबशी माझ्या बाकापाशी पोचले.

“नापास,” सर म्हणाले. “बस जागेवर.”

पुढे सगळी शाळा या शिक्षेला छडीपेक्षा जास्त भ्यायला लागली. एकाने वरातीत नाचतात तसं नाचत येऊन दाखवलं. नापास. दुसरा निवडणुकीला उभा राहिल्यासारखा दोन्ही बाजूंना हात जोडत आला. नापास. गंमत म्हणजे कुणी पास झाल्याचं मला आठवतच नाही. मग सर स्वतः बाहेर जायचे आणि करून दाखवायचे. उंच, शिडशिडीत माणूस. दारात यायचा तो शीळ घालत, दोन्ही हात मोकळे सोडून, मान जराशी वर, पावलं अशी हलकी की जणू मनाजोगता बाजार करून घरी निघाला आहे. एकदा हेडमास्तर नेमके व्हरांड्यातून चालले होते. ते जागीच थबकले. सरांनी त्यांनाही मान लववून नमस्कार केला आणि तसेच हात हलवत वर्गात शिरले. हेडमास्तर बराच वेळ तिथेच उभे होते.

त्या शर्टांचं रहस्य मला पुढे कळलं. ते शर्ट सुमनकाकू शिवायच्या, सरांची बायको. त्या धुळ्याच्या, घरी शिवणयंत्र चालवायच्या. लोकांची झबली-परकर शिवून जे रंगीत तुकडे उरायचे त्यांतून त्या नवऱ्याचे शर्ट बेतायच्या. एका शर्टाची सगळी बटणं कधी एका रंगाची नसत. काकूंचं म्हणणं, बटणं विकत आणायची कशाला, डब्यात किती पडली आहेत. सर ते शर्ट इस्त्री करून रुबाबात घालायचे आणि गावातून सायकलवरून जायचे. लोक हसायचे. सरांना वाटायचं, लोक खूश आहेत.

शब्द शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. अर्थ सांगून मोकळं होणं त्यांना माहीतच नव्हतं. “सोयरीक जमवताना आपण काय विचारतो?” ते म्हणायचे. “गाव कुठलं, आधी कुठे राहायचे, संगत कुणाची? मग शब्दाला का नाही विचारायचं?” आणि मग ‘गेली’ची हकीगत सुरू व्हायची. तो मूळचा इंग्लंडचा नाही, फ्रान्सकडून आलेला. आला तेव्हा राजेरजवाड्यांच्या पंगतीत होता. सरदार घोड्यावरून ‘गेली’ निघायचे, झेंडे ‘गेली’ फडकायचे. पुढे तो कापडचोपडात शिरला. कुणी भडक, चकचकीत कपडे घालून मिरवलं की ‘गेली’. इथे सर स्वतःच्या शर्टाकडे बोट दाखवायचे. त्याच काळात, उत्तरेकडच्या थंड मुलखात, तब्येत कशी आहे असं विचारलं की म्हातारी माणसं ‘गेली’ म्हणायची, म्हणजे बरं आहे, चाललंय. आणि मग सर आवाज खाली आणायचे.

“मग त्याला वाईट संगत लागली.”

दारूचे अड्डे, जुगार, नको त्या बायकांची घरं. ज्याचं चालचलन बिघडलं तो ‘गेली’ जगतो असं लोक म्हणायला लागले. आठवीच्या वर्गात हे ऐकून मुलींच्या माना खाली गेल्या. मी घरी जाऊन आईला सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. तो मास्तर इंग्रजी शिकवतो की काय शिकवतो, असं ती आठ दिवस म्हणत होती.

“आणि मग, सर?” कुणीतरी विचारायचंच.

“मग पुढचं पुढच्या वर्गात.” दरवर्षी हेच. पुढच्या वर्गात पुढचं कधी आलं नाही.

सरांना एकच मुलगा. त्याचं नाव त्यांनी हर्षल ठेवलं. पाचोऱ्यात तेव्हा दर गल्लीत एक हर्षल होता, पण सर सांगायचे, आमचा तो ‘गेली’चा मराठी अवतार आहे. आणि खरंच, ते पोरगं दारातून कधी नुसतं आत आलंच नाही. नाचत यायचं, गाणं म्हणत यायचं, हातातली काठी फिरवत यायचं. मी शिकवणीला त्यांच्या घरी जायचे. हर्षल बाहेरून आला की सर शिकवणं थांबवून आम्हाला म्हणायचे, “बघा. असं. याला म्हणतात.” तो एकटाच पास. काकू यंत्रावरून मान वर करून हसायच्या आणि परत पाय चालवायला लागायच्या. मला त्या घराचा हेवा वाटायचा. आमच्या घरी कुणी बाहेरून आलं की आधी काय बिघडलं ते विचारायचे.

मी शिकले, बी.एड. झाले, आणि त्याच शाळेत सरांच्या शेजारच्या वर्गावर इंग्रजी शिकवायला लागले. सर मला ‘बाई’ म्हणायला लागले, त्याचाही मला धक्काच बसला. मी त्यांच्या विनवण्या केल्या, तेव्हा कुठे ते परत ‘वंदना’वर आले.

तोवर पोरांच्या हातात मोबाइल आले होते. पुस्तकातून ती होड्यांची कविता कधीच गेली होती, पण सरांची शिक्षा चालूच होती. त्यांच्या निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती तेव्हाची गोष्ट. दहावीतल्या एका मुलाला उशीर झाला. सर म्हणाले, “बाहेर जा आणि गेली आत ये.” तो मुलगा बाहेर जाईना. तिथेच उभा राहून हसायला लागला. मागच्या बाकावरून कुणीतरी त्यातल्या ‘गे’चा आजचा अर्थ मोठ्याने सांगितला, त्याला जोडून एक घाण शब्दही म्हटला, आणि अख्खा वर्ग फुटला. मी शेजारच्या वर्गातून ऐकत होते. एवढा आवाज सरांच्या तासाला कधी व्हायचा नाही.

शिक्षकांच्या खोलीत तेव्हा सगळ्यांना चेव आला. “बोरसे सर, आता तरी तो शब्द सोडा. लोक काहीतरी वेगळंच समजायचे.” सर खिडकीपाशी डबा उघडून बसले होते. त्यांनी त्या दिवशी शेवभाजीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात जाऊन जे केलं ते ऐकून माझी बोबडी वळायची बाकी राहिली. त्यांनी इतकी वर्षं राखून ठेवलेलं ‘पुढचं’ सांगितलं. दार उघडं होतं, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. जे पुरुष पुरुषावर प्रेम करतात, ज्या बायका बायकांवर, त्यांना तिकडे लोक तुरुंगात टाकत, घरातून हाकलत. त्या माणसांनी लपूनछपून एकमेकांना ओळखायला एक शब्द घेतला. दुःखाचा घेता आला असता. त्यांनी आनंदाचा घेतला, ‘गेली’तला ‘गे’. आधी तो त्यांच्यातच होता, मग वर्तमानपत्रात आला, मग सगळ्या जगाने घेतला. आणि ज्यांना तो नको होता ते ‘गेली’ लिहायलाच कचरायला लागले. आता ‘गेली’ बिचारा फक्त पताकांना आणि रंगीत दुकानांना लावतात.

“ज्यांना कुणी दारातून आत घेत नव्हतं त्यांनी मजेत आत येण्याचा शब्द घेतला,” सर म्हणाले. “आता हसायचं असेल त्याने हसावं.”

कुणी हसलं नाही. माझ्या हातातला खडू तसाच राहिला होता. पाचोऱ्यात, भर वर्गात, एक मास्तर हे बोलत होता. मला भीती वाटत होती आणि अभिमानही वाटत होता, दोन्ही एकाच वेळी.

व्हायचं तेच झालं. एका पालकाने तक्रार केली, संस्थेच्या अध्यक्षांनी सरांना बोलावलं, सोबत मला साक्षीला. अध्यक्ष जुने विद्यार्थी निघाले. ते फार गंभीर चेहरा करून म्हणाले, “सर, निवृत्ती तोंडावर आली, कशाला ही नसती उठाठेव?”

सरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. “तू नववी ‘ब’ ना? वरातीत नाचत आलेला?”

अध्यक्षांचा चेहरा पडला. मग ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तक्रारीचं पुढे काय झालं ते कुणाला कळलं नाही. मी घरी येताना मनात म्हणत होते, देव भेटला तरी माझ्या नजरेत हा माणूस त्याच्यापेक्षा उंच राहील.

म्हणून पुढचं सांगताना अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

सर निवृत्त झाल्यानंतरच्या एका आखाजीची गोष्ट. आखाजी म्हणजे आमच्याकडे माहेरपणाचा सण, घरोघरी झोके बांधलेले, पुरणपोळ्या, आमरस. हर्षल पुण्याहून आला होता. नोकरी चांगली, वय लग्नाचं, धुळ्याच्या मामांनी स्थळं आणून ठेवलेली. जेवण झाल्यावर हर्षलने आईवडिलांना समोर बसवलं आणि सांगितलं की तो मुलीशी लग्न करू शकणार नाही. का, तेही सांगितलं. तिथे पुण्यात एक जण आहे, हेही सांगितलं. वडिलांना तो भाऊ म्हणायचा. म्हणे हसून म्हणाला, “भाऊ, तुमच्या शब्दाचं पुढचं तुम्हाला घरीच मिळालं.”

हे सगळं मला काकूंनी सांगितलं. त्यांच्या तोंडून ऐकताना मी मनात सरांचं उत्तर तयारसुद्धा केलं होतं. त्यांनी पोराला जवळ घेतलं असेल, असं मी धरूनच चालले होते.

सर उठले, पुढचं दार उघडलं, आणि दार हातात धरून उभे राहिले. हर्षलला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं, कुणी आलंय. काकू ओरडल्या, रडल्या. सर तसेच उभे. हर्षलने बॅग घेतली आणि बाहेर पडला. मग सरांनी दार लावून घेतलं.

मला हे खरं वाटेना. मी काकूंना परत परत विचारलं, सर नक्की काही बोलले नाहीत? दुसऱ्या दिवशी मी तरातरा त्यांच्या घरी गेले. सर अंगणात खुर्चीवर बसले होते. अंगात पांढरा शर्ट, विकतचा. त्यांना पांढऱ्यात बघून मला कसंतरीच झालं.

“सर, तुम्हीच वर्गात सांगितलं होतं ना? मी कानांनी ऐकलंय.”

“सांगितलं होतं,” ते म्हणाले.

“मग?”

त्यांनी मान कुंपणाकडे वळवली. “वर्गात ते दुसऱ्याचं होतं, वंदना.”

मी तिथून तशीच निघाले. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि ते खोटं बोलले नाहीत याचाही राग आला होता. खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

त्यानंतर कित्येक वर्षं मी सरांना रंगीत शर्टात बघितलं नाही. गावाला वाटलं, वय झालं, माणूस गंभीर झाला. काकूंनी मात्र शिवणं सोडलं नाही. नवा शर्ट व्हायचा, घडी घालून कपाटात जायचा. त्या माझ्या घरी येऊन हर्षलशी फोनवर बोलायच्या, कारण त्यांच्या घरात ते नाव काढायची सोय नव्हती. त्याच्यासोबत राहणाऱ्या मुलालाही विचारायच्या, जेवतोस का नीट? एकदा मी त्यांना म्हटलं, काकू, तुम्हाला काहीच वाटलं नाही? फोन पदराने पुसून माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “माले तं कापड शिवता येस, वंदना. कापडले कोनी इचारस का, तुना रंग असा काब्र म्हनीसन?”

कापडाला कुणी विचारतं का, तुझा रंग असा का. त्या इंग्रजीचं एक अक्षर शिकलेल्या नव्हत्या.

मागच्या वर्षी, सकाळी, यंत्रावर बसल्या बसल्या काकू गेल्या. शेजारणीने हाक मारली तर ओ नाही. हर्षलला फोन मी केला. तो म्हणाला, निघतो, माझ्यासाठी थांबा. मी तसंच सरांना जाऊन सांगितलं. सर काकूंच्या पायाशी बसले होते.

“थांबायचं नाही,” ते म्हणाले.

घरात एवढी माणसं होती, एकाचीही त्यांच्यापुढे बोलायची छाती झाली नाही. पुतण्याने अग्नी दिला. हर्षल स्मशानात पोचला तेव्हा माणसं परत फिरत होती. तो एकटाच तिथे बसून राहिला. मग मी आणि माझ्या नवऱ्याने त्याला आमच्या घरी आणलं. गंधमुक्तीपर्यंत तो आमच्याकडेच होता. वडिलांबद्दल एक शब्द वाईट बोलला नाही, एवढंच विचारायचा, “भाऊ जेवले का?”

गंधमुक्ती हा आमच्या खानदेशातला रिवाज. घरातलं माणूस गेल्यावर ठरल्या दिवशी पाहुणे जमतात, त्या घरच्या पुरुषांच्या कपाळाला गंध लावतात, डोक्यावर नवी टोपी घालतात, खांद्यावर उपरणं देतात. मग दुखवटा उतरला असं धरायचं. बाई गेली असेल तर टोपी तिच्या माहेरची माणसं आणतात, आणि पहिला मान मुलाचा.

सरांच्या घरासमोर मांडव घातला होता. धुळ्याकडचे पाहुणे गाडी करून आले होते. काकूंच्या फोटोला हार. समोर पाटांची रांग, त्यावर सर, त्यांचा पुतण्या, भाऊबंद. सर पांढऱ्या शर्टात, मान खाली. हर्षल मांडवात आला नव्हता. मी सोबत चल म्हटलं तर म्हणाला, “भाऊंनी दार उघडलं होतं ते बाहेर जायला, ताई.” तो रस्त्याच्या पलीकडे, बंद टपरीच्या सावलीत उभा होता. सगळ्यांना दिसत होता आणि सगळे दुसरीकडे बघत होते.

विधी सांगणाऱ्या गुरुजींनी विचारलं, “मुलगा कोण? पुढे या.”

पुतण्या उठायला लागला. काकूंचे भाऊ, धुळ्याचे मामा, टोपी हातात घेऊन उभे होते. सत्तरीचा माणूस, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी पुतण्याला हाताने खाली बसवलं.

“मना भाचा कोठे शे?” ते म्हणाले. “ही टोपी त्यानी शे.”

मांडवातल्या माना टपरीकडे वळल्या. कुणीतरी दबक्या आवाजात मामांना म्हणालं, “नाना, ऱ्हाऊ द्या. लोके काय म्हनतीन?” मामा टोपी तशीच धरून उभे राहिले.

तेव्हा सर उठले. कुणाकडे न बघता घरात गेले. “चक्कर उनी व्हई,” शेजारची बाई म्हणाली, चक्कर आली असेल. दोघे जण त्यांच्या मागे जाणार तोच सर परत दारात आले, आणि मांडवातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला.

त्यांच्या अंगात झेंडूच्या रंगाचा शर्ट होता. त्यावर हिरवी पानं. बटणं एक निळं, एक लाल, एक पांढरं. काकूंनी शेवटचा शिवलेला असणार, कारण घडी अजून मोडली नव्हती आणि कॉलरला लावलेली टाचणी तशीच होती. बायकोच्या गंधमुक्तीला नवरा असला शर्ट घालून उभा! मामांच्या मागे बसलेला एक पाहुणा उठून उभा राहिला. “काय चाली ऱ्हायनं हाई? बठ्ठा लोके देखी ऱ्हायनात!” सगळे लोक बघताहेत, असं तो ओरडत होता. मला वाटलं, सरांचं डोकं फिरलं.

सर पाहुण्यांच्या मधून वाट काढत मांडवाबाहेर गेले, रस्ता ओलांडला, आणि हर्षलसमोर जाऊन उभे राहिले. मी धावत मांडवाच्या कडेला गेले. हर्षलने त्यांच्या शर्टाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पार बदलला.

“उशीर माले व्हयना, हर्षल,” सर म्हणाले. उशीर मला झाला.

हर्षलची नजर शर्टाच्या बटणांवरच होती.

“ज्याले उशीर व्हयना, त्यानीच आत यानं,” सर म्हणाले. “तुले तं माहीत शे.”

आणि ते वळले. रस्ता ओलांडून मांडवाच्या तोंडाशी आले. क्षणभर थांबले. मग त्यांनी मान वर केली, दोन्ही हात मोकळे सोडले, आणि ओठ पुढे काढून शीळ घालायला लागले. आठवीच्या वर्गात यायचे अगदी तसे. सगळा खानदेश त्या मांडवात बसल्यासारखा वाटत होता मला, आणि हा म्हातारा माणूस त्यांच्या मधून, झेंडूच्या शर्टात, हलकी पावलं टाकत चालला होता. शीळ फुटत नव्हती. नुसती हवा येत होती. दोन-चार पावलांनी त्यांचा एक हात वर गेला तो वरच राहिला. काकूंचा फोटो समोर आला होता. सरांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ते मांडवाच्या मधोमध उभे राहून लहान मुलासारखे मोठमोठ्याने रडायला लागले.

कुणी जागचं हललं नाही. सगळे थिजून गेले होते. मीसुद्धा.

हर्षल आला. कधी रस्ता ओलांडला ते कळलं नाही, तो सरळ मांडवात शिरला, सरांचा वर राहिलेला हात त्याने खाली घेतला आणि स्वतःच्या हातात धरला. मी अगदी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

“नापास,” तो म्हणाला. “बसा जागेवर, भाऊ.”

त्याने सरांना पाटावर बसवलं आणि त्यांच्या शेजारी बसला. मामांनी त्याच्या कपाळाला गंध लावलं, डोक्यावर टोपी घातली, मग सरांकडे वळले. पुतण्या गुपचूप एक पाट सरकला.

पुढच्याच महिन्यात सर हर्षलकडे पुण्याला राहायला गेले, पाचोऱ्याचं घर बंद आहे. मला ते आठवतात ते त्या मांडवातलेच. कपाळाला ओलं गंध, डोक्यावर पांढरी टोपी आणि अंगात तो झेंडूचा शर्ट, डोळे अजून वाहत होते. शेजारी बसलेल्या हर्षलने हात वर करून त्यांच्या कॉलरमधली टाचणी हळूच काढली, बोटांत धरून थोडा वेळ बघितली, आणि स्वतःच्या खिशाला लावून घेतली.